कार्ड माझं, बातमी गुरुजींची

गेल्या 6 जानेवारीला, पत्रकार दिनी, तालुक्याच्या पत्रकार संघानं मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. पंचायत समितीचं सभागृह, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर पगडी-उपरण्यातल्या बाळशास्त्री जांभेकरांची तसबीर आणि तिला झेंडूचा हार. पंख्याच्या वाऱ्यानं दीपप्रज्वलन पुन्हा पुन्हा करावं लागलं. मग शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, 'लोकशाहीचा चौथा स्तंभ', 'सतीचं वाण', सगळं दरवर्षीसारखं. मी बोलून खाली बसलो आणि सूत्रसंचालकानं रीत म्हणून विचारलं, कुणाला काही प्रश्न आहेत का? असं विचारल्यावर सहसा कुणी उठत नाही. पण मागच्या रांगेतून एक पोरगा उठला. स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवतो, मोबाइलचा स्टँड काखेत धरूनच बसला होता. म्हणाला, "सर, दर्पण काढलं तेव्हा बाळशास्त्रींना पगार किती होता? म्हणजे, घर कशावर चालायचं त्यांचं?" सभागृह खो-खो हसलं. "अरे बाबा, ती तपश्चर्या होती, नोकरी नव्हे," असं म्हणत सूत्रसंचालकानं आभाराचं माइकवर पुकारून टाकलं. हसणाऱ्यांत मीही होतो. परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र त्या हसण्याची मजा वाटेना.

कारण प्रश्न चोख होता. बातमीदारानं विचारावा तसा. आपण बाळशास्त्रींना इतक्या वर्षांत इतकं 'आचार्य' करून ठेवलंय की 6 जानेवारी 1832 ला मराठीतल्या पहिल्या वर्तमानपत्राचा, 'दर्पण'चा, पहिला अंक निघाला तेव्हा हा माणूस जेमतेम विशीत होता, हेच तसबिरीकडे बघताना डोक्यात येत नाही. कोकणातल्या पोंभुर्ल्याहून शिकायला मुंबईत आलेला मुलगा. एका रकान्यात मराठी आणि एका रकान्यात इंग्रजी असा मजकूर चालवायचा, आधी पंधरा दिवसांनी आणि काही महिन्यांतच दर आठवड्याला. आणि घर? घर चालायचं बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीतल्या नोकरीवर. पुढे 1834 पासून ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवायला लागले, दादाभाई नौरोजी त्यांच्या हाताखालून गेले. 'दर्पण' 1840 मध्ये बंद पडलं, नोकरी चालूच राहिली, आणि 1846 मध्ये चौतिशीच्या आसपास माणूसच गेला. म्हणजे मराठीतल्या पहिल्या पत्रकाराचं पोट पत्रकारितेवर नव्हतं. त्या पोराला हे उत्तर तिथल्या तिथे देता आलं असतं. पण ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न मला आला असता, की सर, तुमचं कसं काय सुरू झालं? आणि त्या सभागृहात पहिल्या रांगेत गुरुजी बसलेले होते.

माझं सुरू झालं ते मी एकही बातमी लिहिण्याआधी.

बीड जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं. वडील मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. संध्याकाळी सौदे उरकले, की दिवाबत्तीच्या वेळेला जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी सायकल टेकवून आत यायचे, वडिलांच्या शेजारी गादीवर बसायचे आणि ज्वारी, तूर, हरभरा, सरकी यांचे चढउतार एका कागदाच्या तुकड्यावर टिपून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी, नाहीतर तिसऱ्या दिवशी, तेच भाव पेपरात यायचे. हे दोन्ही एकच आहे हे मला कळायला बरीच वर्षं लागली. गुरुजी वार्ताहर होते आणि गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, गटशिक्षणाधिकाऱ्यांनासुद्धा. फक्त कागदावर ते वार्ताहर नव्हते. शिक्षकाला वर्तमानपत्राचं काम करता येत नाही, वर्तणुकीच्या नियमात बसत नाही. त्यामुळे कार्ड त्यांच्या मेव्हण्याच्या नावानं होतं. तो मेव्हणा पुण्याला कंपनीत लागला आणि गुरुजींना नवं नाव लागलं.

ते नाव मी निघालो. बारावी झालेली, अठरा पूर्ण, नोकरीचा पत्ता नाही, अक्षर बरं. एवढी पात्रता पुरली. गुरुजींनी वडिलांना विचारलं, वडिलांनी मला विचारलं नाही. फोटो स्टुडिओत जाऊन दोन पासपोर्ट फोटो काढून दिले आणि काही आठवड्यांनी लॅमिनेशन केलेलं कार्ड आलं. त्यावर माझं नाव, माझा फोटो, खाली 'तालुका प्रतिनिधी' आणि संपादकांच्या सहीचा शिक्का. फोटोत माझी कॉलर एका बाजूला दुमडलेली होती, ती पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. आईनं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "पगार किती?" वडिलांनी विचारलं, "पोलीसबिलिसांची भानगड नाही ना हो गुरुजी?" दोन्ही प्रश्नांना गुरुजी हसले.

सुरुवातीला काम फक्त लिहून घेण्याचं होतं, कारण गुरुजींचं अक्षर पंचायत समितीत ओळखीचं होतं. मासिक पत्रकं, शिष्यवृत्तीच्या याद्या, जनगणनेचे तक्ते, सगळीकडे तेच वळणदार अक्षर. तसल्या अक्षरातली बातमी चुकून एखाद्या साहेबाच्या हाती लागायला नको म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायचो. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, पिवळ्या बल्बखाली, एका बाजूला त्यांच्या मुली पाढे म्हणतायत, स्टोव्हचा भर्र आवाज चालू आहे, आणि गुरुजी भिंतीला पाठ लावून डोळे मिटून सांगतायत. कागद एकाच बाजूला लिहायचा, डावीकडे चार बोटं जागा सोडायची, खाली कार्बन. कार्बनची निळी शाई अंगठ्यावरून दोन-दोन दिवस जायची नाही. पाकिटावर ठळक 'प्रेस मॅटर, तातडीचे' लिहायचं आणि औरंगाबादला जाणारी रात्रीची एसटी गाठायची. ड्रायव्हर पाकीट समोरच्या काचेपाशी खोचायचा. ते पाकीट तिथे नीट पोचलं का, उपसंपादकानं उघडलं का, की टोपलीत गेलं, हे पेपर आल्याशिवाय कळायचं नाही. पेपर यायचा दुसऱ्या दिवशी दुपारी. निकालाच्या दिवशी परीक्षेला बसलेला पोरगा जसा आपला नंबर शोधतो तसा मी उभ्या उभ्या स्टँडवर जिल्ह्याचं पान चाळायचो. जे छापून आलेलं असायचं ते अर्ध्याहून कमी, आणि आपलंच आहे का अशी शंका यावी इतकं बदललेलं.

भाषा ठरलेली होती. कार्यक्रम व्हायचा नाही, 'उत्साहात संपन्न' व्हायचा. गर्दी कायम 'अलोट'. पाऊस झाला की 'जनजीवन विस्कळीत', रस्ता उखडला की 'संबंधितांचे दुर्लक्ष', तरुण माणूस गेला की 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे', आणि गुन्ह्याच्या शेवटी 'अधिक तपास फौजदार अमुक करीत आहेत'. पुढे शहरातल्या डेस्कवर बसून मी अशी हजारो वाक्यं कापली असतील, पण ती भाषा शिकण्यात एक फायदा होता हे मान्य करायला हवं. ठरलेल्या वाक्यांत न बसणारी गोष्ट आली, की ती लगेच टोचायची. गुरुजींना तर फारच. आकड्यांच्या बाबतीत ते हट्टी. तहसील कचेरीतून पावसाचे आकडे आणायला मला पाठवायचे आणि मी नुसते 'तालुक्यात 22 मिलिमीटर' असं आणलं, की परत पाठवायचे. कुठल्या महसूल मंडळात किती ते विचार, आपल्या मंडळात पर्जन्यमापक चालू आहे का ते विचार. एकदा पर्जन्यमापकाच्या नळकांड्यात चिमणीनं काड्या भरल्या होत्या आणि कारकून आठवडाभर शून्य लिहीत होता. ती बातमी चार ओळींची झाली. गुरुजी त्या चार ओळींवर जितके खूश होते तितके मंत्र्याच्या सभेवर कधी झाले नाहीत.

आणि मग ती विहीर.

जवळच्या एका गावात नवी नवरी विहिरीत पडून गेली. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीवरून वाचून दाखवलं: पाणी आणण्यास गेली असता पाय घसरून पडून मयत, अकस्मात मृत्यूची नोंद. असल्या नोंदी तेव्हा आठवड्याला व्हायच्या. मी तेच लिहायला घेतलं, तर गुरुजी म्हणाले, "जाऊन ये एकदा." सायकल काढून गेलो. पायऱ्यांची विहीर, दगड कोरडे, कडेला निवडुंग, पाणी बरंच खाली. पंचनामा उरकून माणसं पांगली होती, एक म्हातारी तेवढी लिंबाखाली बसलेली. मी आलो तसा परत आलो आणि गुरुजींना सांगितलं, काही नाही, विहीर आहे. त्यांनी विचारलं, "घागर कुठाय?" मला कळेचना. "पाणी आणायला गेली होती ना? मग घागर? वर होती का पाण्यात? काढली का कुणी? पंचनाम्यात आहे का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. म्हातारीला विचारलं, पोलीस पाटलाला विचारलं. घागर कुणी पाहिलीच नव्हती. आम्ही बातमी लिहिली ती पोलिसांच्या नोंदीप्रमाणेच, फक्त शेवटी एक वाक्य जास्तीचं: मयत पाणी आणण्यास गेल्याचे सांगण्यात येत असले, तरी घटनास्थळी घागर अथवा कळशी आढळून आली नाही. डेस्कवरच्या कुणाच्या नजरेतून ते वाक्य निसटलं म्हणा किंवा कुणाला त्याची किंमत कळली म्हणा, ते जसंच्या तसं छापून आलं.

पेपर पोचला त्या संध्याकाळी माणसं आमच्या घरी आली. गुरुजींच्या नव्हे, आमच्या. कार्ड माझं होतं. सात-आठ जण, दोन मोटारसायकली, बाकीचे जीपमध्ये. मोठ्यानं कुणीच बोललं नाही, तेच जास्त भीतीचं होतं. वडिलांच्या आडतीवर माल घालणाऱ्यांपैकी एक जण त्यांच्यात होता आणि तो सारखा म्हणत होता, "मुनीमजी, पोराला समजवा, लहान आहे." वडील दारात उभे राहिले, हात जोडलेले नव्हते पण जोडल्यासारखेच होते. मी आतल्या खोलीत. गुरुजींचं घर दोन गल्ल्या सोडून. त्यांना कळलं असणारच, गावात असल्या गोष्टी कळायला वेळ लागत नाही. ते आले नाहीत. येऊ शकत नव्हते हे मला तेव्हाही कळत होतं. आले असते तर ते तिथे कशासाठी आले, याचं उत्तर नोकरीवर बेतलं असतं. चार मुली होत्या. तरीही त्या रात्री मी त्यांच्याबद्दल जे मनात बोललो ते आजही इथे लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी स्वतः पाट मांडला, गुरुजींच्या बाई काहीच बोलल्या नाहीत, आणि आम्ही बाजारभाव लिहायला घेतले. महिन्याभरानं त्या प्रकरणात सासरच्यांवर गुन्हा दाखल झाला. आमच्या वाक्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही, मुलीचे वडील शेवटी जिल्ह्याला एसपींकडे गेले होते. पण ते जाताना कात्रण खिशात घेऊन गेले होते, असं पोलीस पाटलानं सांगितलं.

पुढे वाचत गेलो तेव्हा समजलं, की नाव एकाचं आणि लेखणी दुसऱ्याची हा प्रकार गुरुजींनी काढलेला नाही. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघालं तेव्हा डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरी. संपादक म्हणून नाव छापलं गेलं पांडुरंग नंदराम भटकर यांचं, आणि अग्रलेखाच्या जागी जे 'मनोगत' आलं ते बाबासाहेबांचं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते म्हणून अंक निघू शकला. त्याच्या चाळीस वर्षं आधी 'केसरी' काढणारी मंडळीही आधी न्यू इंग्लिश स्कूलमधले मास्तर होती आणि मग संपादक. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय, मोठ्या पगाराची आशा धरू नको म्हणून. त्या पत्राचं आपल्याला कौतुक. पण 1888 मध्ये 'सुधारक' काढताना ते फर्ग्युसनमध्ये शिकवत होते, तेव्हा थोडा का होईना पगार होता, हे आपण त्या कौतुकात सांगत नाही. मुकुंदराव पाटलांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून अर्धशतकाहून जास्त काळ 'दीनमित्र' चालवला, त्यामागे शेती होती. तानुबाई बिर्जे 1908 मध्ये 'दीनबंधू'च्या संपादक झाल्या त्या नवरा प्लेगनं गेल्यावर, आणि त्यांनी तो चार वर्षं ओढला. त्यांची चूल त्या काळात कशावर पेटत होती हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही, आणि मला तेच जाणून घ्यायचं आहे.

असं सगळं मांडलं की कुणीतरी म्हणतं, म्हणजे बघा, खरी पत्रकारिता नेहमी पदरमोड करूनच झाली. मला हे ऐकून राग येतो. पदरमोड करायला आधी पदर लागतो. माझ्या वेळी तालुक्यात जे वार्ताहर होते त्यांत एक एलआयसी एजंट, एक फोटो स्टुडिओवाला, एक स्टॅम्पव्हेंडर, दोन पेपरच्या एजन्सीवाले आणि एक पुढाऱ्याचा भाचा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं कुणी नाही. आमच्या जिल्ह्यातून दसरा झाला, की ट्रकच्या ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जायची, ती उन्हाळ्यापर्यंत. गावं अर्धी रिकामी. त्या अर्ध्या तालुक्याची बातमी त्या अर्ध्या तालुक्यातल्या कुणी लिहिली असं झालं नाही, कारण वार्ताहराला मिळणारं मानधन फॅक्सच्या खर्चालाही पुरत नसे. खरी कमाई जाहिरातीवरच्या पंधरा टक्के कमिशनात. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, दिवाळी आणि साहेबांचा वाढदिवस. ज्याच्या हसऱ्या फोटोची अर्धं पान जाहिरात जूनमध्ये आणायची त्याच्या पाझर तलावाची बातमी मेमध्ये कशी द्यायची, हा हिशोब दर वार्ताहर आपल्यापुरता करायचा. काहींना तो छान जमायचा.

कायद्यालाही ही माणसं दिसली नाहीत. श्रमिक पत्रकार कायदा 1955 मध्ये झाला, मग वेतन आयोग आले, पालेकर, बच्छावत, मणिसाना, मजीठिया. पण कायद्याच्या लेखी पत्रकार कोण, तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे तो. आता तालुक्याच्या वार्ताहराचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता कसा असणार? तो तसा असता तर तो उपाशी मेला असता. म्हणजे पेपरनं पगार दिला नाही म्हणून त्यानं दुकान टाकलं, आणि दुकान आहे म्हणून तो पत्रकार नाही.

मी त्यातून सुटलो तो किल्लारीच्या भूकंपामुळे. हे वाक्य लिहायला अजून जड जातं.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चारला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव उशिरा झोपलं होतं. आमच्याकडे भांडी मांडणीवरून खाली आली, भिंतीला एक तडा गेला, एवढंच. उजाडल्यावर लातूरच्या बाजूच्या बातम्या येऊ लागल्या. जिल्हा कार्यालयातून गुरुजींच्या शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला, की जो कुणी जाऊ शकेल त्यानं जावं. गुरुजींना शाळेत हजर राहायचं होतं. कार्डावर फोटो माझाच होता. भाकरीची पोती भरलेल्या ट्रकमध्ये बसून मी निघालो. पुढे रस्त्यावर गाड्यांची इतकी दाटी, की शेवटचे काही कोस चालत. पोलिसांनी अडवलं तिथे कार्ड दाखवलं आणि पहिल्यांदाच ते खरं ठरलं.

तिथलं काय काय सांगू. दगडमातीची जाड भिंताडं, वर मातीचं वजनदार माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर बसलेलं. पाऊस पडत होता. मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडलेले. पण माझ्या डोक्यात राहिलंय ते वेगळंच. मी वही काढून काही टिपायला लागलो, की माणसं भोवती जमायची आणि सांगायची, "लिहून घ्या साहेब." मी विशीचा पोरगा, पायात स्लिपर. पण जो लिहितोय तो सरकारचा माणूस, असा त्यांचा समज. एका माणसानं बायकोचं नाव सांगितलं, मग दोन मुलांची नावं आणि वयं, मग गट नंबर आणि शेती किती ते. मी म्हणालो, मी पेपरचा आहे. तो म्हणाला, "असू द्या, लिवा." मी लिहिलं. मग त्याच्या मागच्यानं सांगितलं. वही भरली तशी मी उलट बाजूनं, समासात, पुठ्ठ्यावर लिहीत गेलो. त्यातलं एकही नाव छापून आलं नाही, येणारही नव्हतं. जे छापून आलं ते 'आमच्या प्रतिनिधीकडून' असं आलं. वर्षभर ज्या बातम्या मी केल्या नव्हत्या त्यांतल्या काहींवर रविवारच्या पानात माझं नाव झळकलं होतं, आणि ही पहिली माझी, तर तिच्यावर नाव नाही. त्या वेळी याचं वाईट वाटलं. त्या रांगेपुढे उभं राहून आल्यावरही वाईट वाटू शकलं, हे लिहून ठेवतो.

त्या बातम्यांमुळे मला शहरात बोलावलं. आधी मुद्रितशोधन, मग उपसंपादक. ठरलेल्या तारखेला पगार, प्रॉव्हिडंट फंड, रात्री कॅन्टीनचा चहा. वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेली 'प्रेस मॅटर'ची पाकिटं आता माझ्यासमोर पडायची आणि मी लाल पेननं अलोट गर्दी कापायचो. गुरुजींना माझ्यानंतर तिसरं नाव सापडलं, त्यांच्या थोरल्या मुलीचं. गावात पहिली महिला वार्ताहर म्हणून तिचा सत्कार झाला. ती तेव्हा डीएड करत होती आणि तिला बातमीत काडीचा रस नव्हता.

अठ्ठावन्न झाले, गुरुजी निवृत्त झाले, आणि जिल्हा कार्यालयानं आपण होऊन त्यांच्या स्वतःच्या नावाचं कार्ड पाठवलं. गल्लीभर दाखवलं त्यांनी ते. मला फोन करून कार्डाचा नंबर वाचून दाखवला. मग 15 ऑगस्ट आला, पुरवणीचं टार्गेट आलं आणि ते एका खत दुकानदाराकडे जाहिरात मागायला गेले. तिथून हात हलवत परतले. रात्री फोनवर म्हणाले, "तुझ्या नावावर किती जाहिराती मागितल्या रे मी, जीभ कधी अडखळली नाही. आज स्वतःचं कार्ड खिशात, तर तोंडातून शब्द फुटेना." दिवाळीच्या आत त्यांनी कार्ड परत केलं. बातम्या मात्र अजून पाठवतात, व्हॉट्सअ‍ॅपवर, सरळ मला. मंडळनिहाय पाऊस असतो त्यात.

आता सरकारनं ज्येष्ठ पत्रकारांसाठी सन्मान योजना केली आहे, बाळशास्त्रींच्याच नावानं. योजना सुरू झाली तेव्हाची अट वय साठ आणि अनुभव तीस वर्षांचा, त्याचे पुरावे जोडायचे. मला अजून अवकाश आहे, पण पत्रकार दिनाच्या कार्यक्रमानंतर गुरुजींकडे जेवायला गेलो तेव्हा त्यांनी विषय काढला. माझ्या सुरुवातीच्या वर्षांची कात्रणं माझ्याकडे नाहीत, ती त्यांच्याकडे आहेत, शाळेच्या जुन्या हजेरीपटांवर खळीनं डकवलेली. मी म्हणालो, ती तुमची आहेत, माझ्या अर्जाला कशी जोडू? म्हणाले, "नाव तुझं, अक्षर तुझं, मार खायची पाळी तुझ्यावर आली. माझं त्यात काय?" मी विहिरीची आठवण काढली. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "घागर. तेवढी माझी."

हजेरीपट समोरच कपाटावर होते. हात लावायला गेलो तर म्हणाले, तालुक्याला झेरॉक्स काढून आण लागतील तेवढ्या. मूळ वह्या घराबाहेर द्यायला तयार नाहीत.